वसुलीचं आम्ही बघतो
महापालिकेने बचत गटांच्या वस्तीस्तर संघांना (म्हणजे एका वस्तीतल्या गटांनी मिळून केलेल्या संघांना) कर्जवाटपासाठी भांडवल द्यावं, हे लेखातलं म्हणणं पटलं. आमच्या गटातली एक जण पोळी-भाजी केंद्र चालवते. सावकार तिला नऊ हजार हातात द्यायचा आणि रोज शंभर रुपये, असे शंभर दिवस न्यायचा. करा हिशेब! राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात गटाला १०,००० आणि संघाला ५०,००० रुपये फिरता निधी, म्हणजे आपसात कर्जाऊ फिरवायचा पैसा, मिळायचा. पन्नास हजार कितीजणींना पुरणार? २०२० पासून पीएम स्वनिधी ही कर्जयोजना आहे, पण ती पथविक्रेत्यांसाठी. घरी शिलाई करणारी त्यात बसत नाही. फक्त पैसे थेट संघाच्या खात्यात टाका, मधे नगरसेवकाचं शिफारसपत्र नको. वसुलीची काळजी करू नका, कोणाचा हप्ता थकणार ते आम्हाला बँकेच्या आधी नळावर कळतं.