सळई दिसून राहिली? पुट्टी आहे ना!

भाऊ, छज्ज्याचं प्लास्टर पडलं तर काहून टेन्शन घेता, उलट घरात लोखंड खरंच टाकलं होतं याचा पुरावा मिळाला समजा. इंजिनियरला मात्र बोलावू नका. तो हातोडीनं ठोकून बद्द आवाज कुठं येतो ते खडूनं मार्क करतो, मग ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन नावाचं रसायन शिंपडतो, गुलाबी झालं तर ठीक, रंगच नाही आला तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं सळईला जपणारा काँक्रीटचा अल्कलीपणा संपवला, म्हणून तोंड पाडतो. बाप्पा, गुलाबीच पाहिजे तर पेंटवाल्याकडे काय कमी शेड आहेत?

कूलर छज्ज्यावरच ठेवा अन् मार्च ते जून टाकी ओव्हरफ्लो होऊ द्या. बोअरचं पाणी असलं तर बेस्टच, पाणी उडून जातं अन् क्षार मागं राहतात, त्यातले क्लोराइड आत मुरून सळईवरचा संरक्षक थर फोडतात. छज्ज्याची मेन सळई असते वरच्या अंगाला, म्हणजे हा प्रसाद पहिले तिलाच. (अन् ती खालून दिसत असेल, तर स्लॅब टाकताना कोणीतरी तिच्यावर उभं राहून तिला खाली दाबलेलं आहे, तेव्हा त्या छज्ज्यावर तुम्हीही बिनधास्त उभे राहा.) गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा लागते म्हणून काँक्रीट फुटतं म्हणे. आपण "उन्हानं तडकलं" म्हणायचं, नागपुरात ४५ डिग्री आणखी कशाच्या कामाची?

आता रिपेअर. शहाणे लोक पहिले पाणी बंद करतात, टेकू लावतात, सळईच्या मागून बोट फिरेल इतकं काँक्रीट कोरतात, लोखंड चकाकेपर्यंत घासतात, जास्त झिजलेल्या सळईला जोड देतात, मग सळईला झिंक प्रायमर, जुना-नवा माल चिकटायला बाँडिंग कोट, पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला अन् वरून तराई, म्हणजे चार-पाच दिवस घरात धूळच धूळ. त्यापेक्षा मिस्त्री सकाळी येतो, गंजावरच सिमेंट थापतो, पुट्टी ओढतो अन् जेवायच्या आत मोकळा. पीओपी लावला तर फिनिशिंग आणखी भारी, सळईही आणखी लवकर गंजते.

अन् समजा मिस्त्रीनं चुकून चांगला पॅच मारलाच, तरी आजूबाजूचं क्लोराइडवालं जुनं काँक्रीट तसंच ठेवा. नव्या मालातली सळई सुरक्षित होते अन् पॅचच्या कडेची जुनी जोरात गंजायला लागते. वर्षा-दोन वर्षांनी तिथं फुटलं की मिस्त्री छाती फुगवून म्हणेल, "साहेब, आपलं काम पाहा, जसंच्या तसं, फुटलं ते बाजूचं." खोटं नाही बोलत तो, बाजूचंही काम त्यालाच द्या.