एक ऑगस्टच्या आधीचे, एक ऑगस्टच्या नंतरचे

इंग्लंडच्या शिक्षण खात्याचं एक ई-पत्र दर बुधवारी येतं. कॉलेजं, खाजगी प्रशिक्षण संस्था, ॲप्रेंटिस घडवणारी लहानमोठी मंडळी, सगळ्यांसाठी. प्रत्येक बातमीच्या आधी एक बिल्ला लावलेला असतो: 'कृती', 'माहिती' किंवा 'आठवण'. नवखा माणूस 'कृती' पाहून दचकतो. मुरलेला माणूस आधी 'माहिती' उघडतो. कृतीत काय करायचं आणि कधीपर्यंत, ते तरी लिहिलेलं असतं. माहितीत 'निधीच्या नियमांची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आहे' एवढं निरागस वाक्य असतं आणि त्याच्या पोटात पुढच्या वर्षभराची झोप गेलेली असते. 'आठवण' हा प्रकार पहिले दोन न वाचणाऱ्यांसाठी. वाचकसंख्या अर्थातच त्याचीच सर्वात मोठी.

मी कॉलेजातल्या आकड्यांच्या टेबलावर बसतो. शिकवणं वर्गात होतं, त्याचे सरकारी पैसे या टेबलावरून येतात. आणि हे पत्र पाठवणाऱ्याचं नाव कधी बदलेल याचा नेम नाही. २००१ पासून लर्निंग अँड स्किल्स काउन्सिल होती. २०१० मध्ये ती गेली आणि स्किल्स फंडिंग एजन्सी आली. २०१७ मध्ये दोन एजन्सी एकत्र करून एज्युकेशन अँड स्किल्स फंडिंग एजन्सी झाली. ३१ मार्च २०२५ ला तीही मिटली आणि कारभार थेट खात्यात गेला. अभ्यासक्रम ठरवणारी संस्थाही त्याच वर्षी जाऊन तिथे स्किल्स इंग्लंड आलं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदललं. कागद मागायची हौस मात्र एकीकडून दुसरीकडे अगदी सुखरूप पोचली.

इथलं निधीचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. एक ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे टिळक पुण्यतिथी. इथे नव्या नियमांचा जन्मदिवस. जुने नियम मात्र त्या दिवशी मरत नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. ॲप्रेंटिस ज्या तारखेला रुजू झाला, त्या तारखेची बरीचशी कलमं त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहतात. त्यामुळे एकाच वर्गात, एकाच लेथ मशिनसमोर वेगवेगळ्या कायद्यांची मुलं उभी असतात. जुन्या चाळीत पागडीवाला आणि नवा भाडेकरू शेजारी शेजारी राहतात, भिंत एक, भाडं वेगळं, तसं.

कामाबाहेरच्या प्रशिक्षणाचंच घ्या. पगारी वेळेतला काही भाग शिकण्यासाठी राखून ठेवायचा, ही ॲप्रेंटिसशिपची मूळ अट. १ ऑगस्ट २०२२ च्या आधी रुजू झालेल्याला कामाच्या तासांच्या २० टक्के. म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तासांची नोकरी असेल तर साडेसात तास. त्या तारखेनंतरच्या पूर्णवेळ माणसाला आठवड्याला किमान सहा तास, मग त्याची नोकरी साडेसदतीस तासांची असो वा चाळीस. सुट्ट्यांचे ५.६ आठवडे वजा केले की वर्षाचे ४६.४ आठवडे उरतात. गुणिले सहा, २७८ तास. हे गणित आमच्या टेबलावर सगळ्यांना तोंडपाठ झालं. झालं म्हणूनच १ ऑगस्ट २०२५ पासून पद्धत पुन्हा बदलली. आता प्रत्येक अभ्यासक्रमापुढे तासांचा ठरावीक आकडा छापलेला असतो, तो पाळायचा. किमान कालावधीही त्याच दिवशी बारा महिन्यांवरून आठ महिन्यांवर आला. आता चार वर्षांच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला कधीकाळी चिकटलेला जुना गडी, मधल्या काळातला गडी आणि कालचा पोरगा, तिघांच्या फायली एकाच कपाटात. फाईल उघडली की पहिलं काम रुजू झाल्याची तारीख बघणं. नाव नंतर बघितलं तरी चालतं.

त्यातून सगळे बदल एक ऑगस्टलाच होतील तर तेही सोसलं असतं. लेव्ही, म्हणजे मोठ्या मालकांवरचा ॲप्रेंटिसशिपचा कर, न भरणाऱ्या लहान मालकांकडच्या २२ वर्षांखालच्या ॲप्रेंटिसच्या प्रशिक्षणखर्चातला मालकाने द्यायचा पाच टक्के हिस्सा माफ झाला तो १ एप्रिल २०२४ पासून. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर रुजू झालेल्यांना इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षेची सक्ती उरली नाही ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि ती आधीपासून शिकत असलेल्यांनाही लागू. 'सक्ती उरली नाही' हे ऐकून वर्गात आनंद झाला. टेबलावर प्रश्न आला की मालकाची संमती कुठे आहे, ती कोणत्या तारखेची आहे, आणि ज्याने जानेवारीतच गणित सोडून दिलं त्याला नेमकं कोणत्या खान्यात बसवायचं.

पैसे कसे येतात, ते एकदा नीट सांगतो, कारण शिकवणाऱ्या मंडळींना ते दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. समजा, एका अभ्यासक्रमाची किंमत ९,००० पौंड ठरली आणि मुदत बारा महिने. यातले ८० टक्के, म्हणजे ७,२०० पौंड, बारा समान हप्त्यांत येतात: महिना ६०० पौंड. उरलेले १,८०० पौंड सरकार स्वतःकडे धरून ठेवतं आणि ॲप्रेंटिसने शेवटची परीक्षा दिल्यावर सोडतं. मुदत उलटली आणि गडी अजून शिकतोच आहे? शिकवा. हप्ते संपले, पण शिकवायची बंदी नाही.

हप्ता मिळतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस शिकत असेल तर. महिनाभर काय केलं ते कोणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी पटावर होता का, एवढंच. समजा ३१ तारखेला रविवार आहे. पोराने २९ ला, शुक्रवारी, शेवटचा तास केला आणि सोमवारी नोकरी सोडल्याचं कळवलं. शिकण्याचा शेवटचा पुरावा शुक्रवारचा, म्हणून सोडल्याची तारीखही शुक्रवारची. चार आठवडे शिकवलं, ६०० पौंड पाण्यात. तेच पोरगं एक तारखेला तासाला बसून मग गेलं असतं तर हप्ता मिळाला असता. शिवाय सुरुवातीचे ४२ दिवस टिकला नाही तर काहीच नाही. १ सप्टेंबरला आलेला माणूस १२ ऑक्टोबरपर्यंत टिकायला हवा. प्राचार्य नव्या ॲप्रेंटिसची तब्येत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात इतक्या आपुलकीने का विचारतात, याचं कारण एवढंच आहे.

हे सगळं सरकारला कळतं ते आयएलआर नावाच्या फायलीतून. प्रत्येक विद्यार्थ्याची इत्थंभूत माहिती त्यात कोडांच्या रूपात बसवायची. दहा आकडी विद्यार्थी क्रमांक. तो मिळेपर्यंत दहा वेळा नऊ. पत्ता माहीत नसेल तर झेडझेड ९९ ९झेडझेड हा पोस्टकोड, जिथे कागदोपत्री बरीच वस्ती आहे. गवंडी असो, बेकरीवाला असो वा हिशेबनीस, प्रत्येक ॲप्रेंटिसच्या नावावर झेडप्रोग ००१ नावाची एक शिकवणी असते, जी कोणत्याही खोलीत भरत नाही; ती अख्ख्या ॲप्रेंटिसशिपची नुसती नोंद. फाईल आधी तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जाते. ते दोन प्रकारे ओरडतं: चूक आणि इशारा. चूक असली की तो विद्यार्थी निधीतून बाहेर. इशारा असला की फाईल पुढे जाते, म्हणून सगळे इशाऱ्यांकडे काणाडोळा करतात. माझ्या मते शहाण्याने इशारेच आधी वाचावेत, कारण चुका लपत नाहीत. दर महिन्याच्या चौथ्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला फाईल पाठवायची खिडकी बंद होते. कामाचे दिवस मोजताना बँक हॉलिडे वगळायचा, ही गोष्ट जानेवारीत हटकून विसरली जाते. तेव्हा ती विसरल्याने फायदा होतो, घाबरून एक दिवस आधीच काम उरकलेलं असतं.

पण फाईल आपली एकटीची असती तर प्रश्न नव्हता. मोठे मालक ॲप्रेंटिसशिप लेव्ही भरतात: एप्रिल २०१७ पासून, तीस लाख पौंडांहून मोठ्या पगारबिलावर अर्धा टक्का. तो पैसा त्यांच्या डिजिटल खात्यात जमा होतो आणि खात्यातली नोंद आमच्या फायलीशी जुळली तरच आमच्याकडे वळतो. जुळली नाही की कुलूप. कुलपांना क्रमांक आहेत. त्यातलं डीलॉक ०७ म्हणजे किंमत जुळत नाही.

हे कुलूप लागतं कसं, ते बघण्यासारखं आहे. मालकाच्या खात्यात किंमत एकच रक्कम म्हणून दिसते: ९,०००. आमच्या फायलीत तिचे दोन तुकडे असतात, प्रशिक्षण आणि शेवटची परीक्षा. ८,१०० अधिक ९०० असं भरलं की बेरीज जुळते. पण घाईत कोणीतरी पहिल्या रकान्यात पूर्ण ९,००० भरतं आणि दुसऱ्यात प्रामाणिकपणे ९००. बेरीज ९,९००, कुलूप. ही झाली आमच्या बाजूची चूक, दोन मिनिटांत दुरुस्त. खरी मजा उलट बाजूने. ॲप्रेंटिसच्या आधीच्या अनुभवाचा विचार करून किंमत ८,४०० वर आली, तिघांनी सह्या केल्या, आम्ही फाईल बदलली, आणि मालकाच्या खात्यात अजून ९,००० च आहे. आम्ही बदल सुचवू शकतो. मंजुरीचं बटण मालकाकडे. तिथे एचआरमधल्या ज्या बाईंच्या नावावर लॉगिन आहे त्या बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या जागी आलेल्या सद्गृहस्थांना असं काही खातं आहे हेच पहिल्यांदा कळतंय. 'मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही' हा बाणा या क्षणी फार आठवतो. पण पैसे आमचे अडलेले असतात, म्हणून टरफलं आम्हीच उचलतो: फोन करतो, स्क्रीनची चित्रं काढून पाठवतो, कुठे टिचकी मारायची तिथे लाल बाण काढतो. मालकाला खाली वाकायला लागू नये, एवढीच काळजी घ्यायची.

प्रौढांच्या शिक्षणाचा निधी वेगळा. ऑगस्ट २०२४ पासून त्याचं नाव ॲडल्ट स्किल्स फंड. लंडन, मँचेस्टर वगैरे ठिकाणी तो महापौरांच्या प्राधिकरणाकडे आहे आणि प्रत्येकाची नियमावली निराळी. विद्यार्थी रस्त्याच्या या बाजूला राहतो की त्या, यावर कोणतं पुस्तक उघडायचं ते ठरतं. त्यावर स्वतंत्र लेख होईल. इथे नुसता नमस्कार.

वर्ष जुलैला संपतं म्हणालो, पण फाईल पाठवायच्या खेपा चौदा. आर ०१ ते आर १२ दर महिन्याच्या, मग सप्टेंबरच्या मध्याला आर १३ आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आर १४. तोवर नव्या वर्षाच्या आर ०१, आर ०२ सुरू झालेल्या असतात. म्हणजे शरद ऋतूत दोन वर्षं एकाच टेबलावर. जुन्या वर्षातला माणूस नव्या वर्षातही चालू असतो, त्यामुळे त्याची मागची तारीख दुरुस्त केली की पुढच्या फायलीतही करायची, नाहीतर तो एकीकडे सोडून गेलेला आणि दुसरीकडे हजर. या दोन महिन्यांत आकडेवाल्या माणसाला 'कोणतं वर्ष चाललंय?' असं विचारू नये. तो खरंच विचार करतो.

आर १४ गेली की हिशेब बंद, पण कागद बंद होत नाहीत. ऑडिटरला प्रशिक्षण योजनेवर ॲप्रेंटिस, मालक आणि संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात आणि प्रत्येक सहीखाली तारीख. तिन्ही तारखा एकाच हस्ताक्षरात असल्या की तो चष्मा काढून पुसतो. त्यापुढचा अर्धा दिवस त्याचा. तासांच्या नोंदवहीत 'व्हिडिओ बघितला' एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता, कशाबद्दल, नवीन काय शिकला, आणि पगारी वेळेत का, हे चार प्रश्न ठरलेले. प्रगतीच्या आढाव्याची बैठक त्या तासांत धरली असेल तर वजा. इंग्रजी-गणिताचे वर्ग धरले असतील तर तेही वजा.

पुरावे साधारण सहा वर्षं जपायचे. २०१४ ते २०२० च्या योजनेतल्या युरोपीय सामाजिक निधीचे मात्र ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. देश युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला, खोकी अजून आत आहेत. ती हलवताना झाकणावर नष्ट करायची तारीख जाड मार्करने लिहावी, आणि बाजूलाही लिहावी. एकावर एक रचली की झाकण दिसत नाही.