नग दोन

परवा माझ्या मालकीच्या दोन हार्ड डिस्क कार्यालयात माझ्याच टेबलावरून कचरा म्हणून उचलल्या गेल्या आणि त्यांच्या जागी मला एक पावती मिळाली. पावतीवर ‘नग दोन, कालबाह्य’ असे लिहिलेले होते. डिस्क कालबाह्य होत्या हे मला मान्य आहे, बंद पडलेल्या होत्या हेही मान्य आहे. पण आपल्या वस्तूला कचरा म्हणण्याचा पहिला मान आपला असतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या घरी १९९४ सालचे स्पार्कस्टेशन २० हे युनिक्स वर्कस्टेशन, म्हणजे त्या काळचा एक ताकदवान संगणक, आहे. पाटासारखा बसका, चपटा डबा. त्याच्या पोटातल्या दोन्ही डिस्क एकाच आठवड्यात गेल्या. एकीचे हेड, म्हणजे तबकडीवरचे वाचणारे टोक, आपला माग शोधत कट्-कट् करत राहिले, तर दुसरी मुळी फिरायलाच तयार होईना, कारण फार दिवस बंद राहिलेल्या डिस्कचे हेड तबकडीला चिकटून बसते आणि मोटरला ते सुटत नाही. बदली डिस्क मी मिळवल्या होत्या. ऐंशी पिनांच्या एकाच कनेक्टरमधून वीज, डेटा आणि डिस्कचा क्रमांक असे सगळे जात असल्यामुळे वायर जोडण्याचा प्रश्नच नव्हता; फक्त जुन्या डिस्कना लावलेल्या मूठवाल्या चौकटी काढून नव्यांना लावायच्या होत्या, कारण त्या चौकटीशिवाय डिस्क खाचेत सरळ बसत नाही. स्क्रू इतके घट्ट झाले होते की घरच्या पेचकसाने त्यांची डोकी झिजू लागली. एका सहकाऱ्याकडे उत्तम पेचकसांचा संच आहे, म्हणून मी जुन्या डिस्क कार्यालयात नेल्या, टेबलावर ठेवल्या आणि बैठकीला गेलो. नेमकी त्याच दिवशी ई-कचरा गोळा करण्याची मोहीम होती.

मोहिमेचे काम ज्यांच्याकडे होते ते गृहस्थ अतिशय सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा त्यांच्याविषयीचा माझा मुख्य राग आहे.

“या दोन डिस्क माझ्या आहेत,” मी म्हणालो.

“होत्या, सर,” ते म्हणाले आणि त्यांनी नोंदवही उघडली. “बरे झाले आलात. क्षमतेचा रकाना राहिला आहे. किती टीबी?”

“एक पूर्णांक शून्य पाच जीबी.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “म्हणजे पेनड्राइव्हपेक्षाही कमी?”

“बऱ्याच कमी.”

“आणि आकाराने एवढ्या?” त्यांनी दोन्ही हातांनी एक हवेतली वीट दाखवली. “मग यात तुम्ही ठेवत काय होता?”

“संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम.”

यावर त्यांनी माझ्याकडे, आजारी माणसाला ‘आता बरे वाटते आहे ना’ असे विचारताना बघतात तसे बघितले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “परत देता येणार नाहीत, सर. डेटा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.”

“डेटा माझाच आहे.”

“म्हणजे यात डेटा आहे? मग नियमानुसार डिस्क नष्ट करावी लागेल.”

“डेटा नाही. गेला. म्हणून तर डिस्क बदलतो आहे.”

“तसे लिहून द्या.”

“लिहून दिले की परत द्याल?”

“नाही ना. डेटा नाही असे लिहून दिलेत की तो निव्वळ कचराच ठरतो.”

मी शरण गेलो. डिस्क नकोत, त्यांच्या फक्त मुठी द्या, असे म्हणालो. त्यांनी बराच वेळ विचार केला. “पावती दोन नगांची आहे.”

“मुठी काढल्या तरी डिस्क दोनच राहतील.”

“पण मुठी दोन झाल्या. म्हणजे नग चार झाले आणि त्यातले दोन गहाळ.”

हा हिशेब मी नंतर दोन रात्री मनात तपासला आणि मला त्यात चूक सापडलेली नाही.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पुढे माल वजनावर जातो, तेव्हा मुठींच्या वजनाचा दुसरा ई-कचरा मी दिला, तर नगांकडे कोणी बघणार नव्हते. हेच वाक्य त्यांनी आधी का उच्चारले नाही, हे विचारण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. पेचकस आला, स्क्रू कुरकुरत निघाले, मुठी काट्यावर चढल्या आणि त्यांच्या बदल्यात पारड्यात घालायला माझ्याजवळ एकच वस्तू निघाली, ती म्हणजे मी रोज वापरत असलेला, उत्तम चालणारा कार्यालयाचा माउस. तो त्यांनी नोंदीविनाच पिशवीत टाकला आणि माझे आभार मानले.

घरी आल्यावरचे काम त्या मानाने सुसंस्कृत होते. नव्या डिस्क छत्तीस जीबीच्या आहेत, म्हणजे यंत्राने जन्मात कल्पना केली नसेल एवढ्या. पण त्याच्या बूट प्रॉमला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपला, पहिल्या दोन जीबीपलीकडे पोहोचण्याचा भरवसा नसल्यामुळे डिस्कचा मूळ विभाग, ज्यावरून यंत्र सुरू होते, तेवढ्यातच बसवावा लागला. त्या दर मिनिटाला दहा हजार फेरे घेतात आणि एवढ्याशा डब्यात भट्टीसारख्या तापतात, म्हणून दोनपैकी एकच बसवली. ‘ओके’ या सूचनेपुढे प्रोब-स्कझी, ही जोडलेल्या डिस्क शोधण्याची आज्ञा, टंकल्यावर टार्गेट तीनवर, म्हणजे तीन क्रमांकावर, डिस्क दिसली आणि मी उगाचच उभा राहिलो. घड्याळाच्या चिपच्या आतच कोंडलेली बॅटरी केव्हाच संपलेली असल्याने यंत्र स्वतःचा होस्ट आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, आणि नेटवर्कवरचा इथरनेटचा पत्ता दर वेळी विसरते आणि ते त्याला पुन्हा टंकून सांगावे लागते. याचा मात्र मला राग येत नाही. ते निदान विसरलो म्हणून स्वच्छ कबूल करते.

मग सोलारिस ९ ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. २००२ सालची ही आवृत्ती, आणि या यंत्रावर चालणारी शेवटची. सोलारिस १० ने बत्तीस बिटांचा स्पार्क प्रोसेसर असलेल्या अशा यंत्रांना दारातूनच परत पाठवले. तेही समजू शकतो. जे समजत नाही ते असे, की १९९४ च्या डब्यातली डिस्क मूठ धरून बाहेर ओढता येते, आणि कार्यालयाने मला दिलेल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये साठवणच मदरबोर्डावर सोल्डर करून जोडलेली आहे, ती गेली की सगळा बोर्ड जाणार. तरीही लाल चिठ्ठी चिकटवली गेली ती माझ्या मुठींवर. त्या चिठ्ठीचा गोंद अजून निघालेला नाही. डबा उघडला की आत ‘कालबाह्य’ हा शब्द उलटा दिसतो.

तीन दिवस मी कार्यालयात माउसविना कळफलकावर बोटे मोडतो आहे. नव्या माउससाठी अर्ज केला होता. आज तो परत आला. जुना माउस जमा केल्याची पावती जोडावी, असा त्यावर शेरा आहे. माझ्याजवळ पावती आहे. तिच्यावर दोन हार्ड डिस्क लिहिलेल्या आहेत.