आधी टेकडी कापायची, मग उतार मोजायचा!

कालपासून डोकं नुसतं तापलंय. रात्री झोप नाही, म्हणून लिहायला बसलेय. आमच्या मागच्या टेकडीवरचा डोंगरउताराचा पट्टा, म्हणजे जिथे बांधकाम करता येत नाही तो भाग, उठवून तिथे रहिवास विभाग करायचा, असा प्रस्ताव आहे. त्यावरच्या हरकतींची सुनावणी काल पालिकेत झाली. झाली म्हणायचं, एवढंच.

सुनावणीचं पत्र हातात पडलं आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला. वेळ सकाळी अकराची. ज्यांना गावाहून यायचं होतं, ज्यांना रजा मिळाली नाही, त्यांच्या हरकती 'गैरहजर' म्हणून निकाली. मी अर्धी रजा टाकून गेले. नगररचना विभागाच्या त्या अरुंद पॅसेजमध्ये साठ-सत्तर माणसं उभी, कारण सगळ्यांना एकच वेळ दिलेली. शेजारच्या सोसायटीतले काका, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, भिंतीला टेकून अडीच तास उभे. याच काकांनी उन्हाळ्यात पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावरून वर नेऊन टेकडीवर कडुनिंब आणि बहावा जगवलाय. त्यांना आत बोलावल्यावर पहिला प्रश्न काय विचारावा? "तुम्ही बाधित आहात का? सातबारावर नाव आहे का?" अहो, कायद्यात हरकत कुणीही घेऊ शकतो! एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, त्याच्या कलम ३७ खाली शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर नोटीस काढायची, महिनाभर हरकती-सूचना मागवायच्या, ऐकून घ्यायच्या आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. हरकत घ्यायला जमिनीचा मालक असावं लागतं, असं कुठेच लिहिलेलं नाही.

आता मूळ दुखणं सांगते. नियम असा आहे की उतार एकास पाच किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथे बांधकाम करता येत नाही. म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. आमच्या टेकडीवर मी पंधरा वर्षं रोज सकाळी जाते. मधल्या खडीचढणीला आजही गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय पाय उचलत नाही. आणि प्रस्तावाला जोडलेल्या कंटूर नकाशात, म्हणजे सारख्या उंचीच्या समोच्च रेषांच्या नकाशात, उतार किती दाखवलाय? एकास आठ! म्हणजे सौम्य, बांधकामाला मोकळा!

कसा झाला एकास आठ? दिवाळीनंतर तिथे पोकलेन चढले. रात्री दहानंतर हायवा भरून मुरूम खाली यायचा, पहाटेपर्यंत. आम्ही तक्रार केली. पालिकेत गेलो तर म्हणाले, मुरूम म्हणजे गौण खनिज, तहसीलदारांकडे जा. तहसीलला गेलो तर म्हणाले, बांधकामाचा विषय पालिकेचा. या टोलवाटोलवीत जानेवारी संपला, टेकडीची एक अख्खी कड गेली, आणि फेब्रुवारीत मोजणीवाले आले. कापून सपाट केलेल्या जागेची मोजणी! चोरी झाल्यावर रिकाम्या तिजोरीचा पंचनामा करायचा आणि म्हणायचं, यात कधी काही नव्हतंच.

मी गूगल अर्थवरची जुनी चित्रं तारखांसकट रंगीत छापून नेली होती. २०१८ ची, २०२१ ची. टेकडी अख्खी दिसते त्यात, पायवाट दिसते. टेबलावर ठेवली. साहेबांनी कागद उचललासुद्धा नाही. "मॅडम, हे ग्राह्य धरता येत नाही, अधिकृत मोजणी आणा." अधिकृत मोजणी कुठली? तर जमीनमालकाने स्वतःच्या पैशांनी करून घेतलेली, तीच! सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे सरकारचेच आहेत ना? त्यावर समोच्च रेषा आहेत. ते काढून आजच्या नकाशाशेजारी ठेवायला किती वेळ लागतो? मी हे विचारलं तेव्हा माझी तीन मिनिटं संपली होती. हो, माणशी तीन मिनिटं. शिपाई दार उघडून पुढचं नाव पुकारत होता.

आणि कुणी म्हणेल, पुढे पर्यावरण मंजुरी असते, तिथे बोला. नाही बोलता येत! २०,००० चौरस मीटरच्या पुढचं बांधकाम असेल तर ती मंजुरी लागते, पण केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलीय. म्हणजे आमच्यासारख्यांना तोंड उघडायला ही कालची एकच जागा होती. एकच! म्हणून जीव तुटतो.

लोकांना वाटतं, हे झाडं-पक्षीवाले, यांना फिरायला जागा हवी. फिरण्याचं जाऊ द्या. काळ्या पाषाणावर मुरमाचा थर आणि त्यावर वीतभर माती, एवढीच ही टेकडी. गवत आणि मुळं आहेत तोवर पाणी मुरतं. कड उभी कापली की मुरूम सुटतो. यंदा जूनच्या पहिल्याच मोठ्या सरीत आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर तांबडा गाळ आला. लिफ्टच्या खड्ड्यातून तो बादल्यांनी उपसला आम्ही, बायकांनी आणि वॉचमनने. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. २०१३ च्या जूनमध्ये कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला काय झालं, ते विसरले का सगळे? टेकडी फोडलेल्या जागेवरून लोंढा थेट महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची चिमुकली वाहून गेली. पुढच्याच वर्षी ३० जुलैला माळीण. दीडशेच्या वर माणसं. माळीणला बिल्डर नव्हता, मान्य. पण ओला डोंगर कसा सुटतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. ते पाहूनही कापलेल्या उताराखाली राहणाऱ्या माणसाला कुणी विचारतं, तुमचं नाव सातबारावर आहे का?

घरांना माझा विरोध नाही. माझ्या भावाला या शहरात घर परवडत नाही, तो रोज दीड तास प्रवास करतो. पण टेकडीवर येऊ घातलेल्या सात टॉवरमधलं एक घर तरी त्याला परवडणार आहे का? जाहिरातीचा बोर्ड आधीच लागलाय, 'हिल व्ह्यू' म्हणून. मंजुरीच्या आधी बोर्ड!

सुनावणीचं इतिवृत्त मागितलं तर म्हणाले, माहिती अधिकारात अर्ज करा. केलाय, पोच घेतलीय. माझी हरकत शब्दशः नोंदवली नसेल तर लेखी पुन्हा देणार आहे, शिक्क्यासकट.

आपल्या भागातल्या सगळ्यांना एकच मागणं आहे. टेकडीवरचे जुने फोटो शोधा. मुलांचे, सहलीचे, वृक्षारोपणाचे, कसलेही, पण मागे उतार दिसला पाहिजे आणि तारीख असली पाहिजे. रविवारी सकाळी नऊला काकांच्या सोसायटीच्या ऑफिसात घेऊन या. फाईल मंत्रालयात जायच्या आत ते जोडायचे आहेत.