सँगरबाईंच्या नावानं फिरणारा मजकूर

‘गर्भपाताचा हक्क ही सुप्रजननवाद्यांची पैदास. मार्गारेट सँगरनं “निकृष्ट” लोकांची संख्या घटवायला तो आणला. आपला १९७१चा कायदा त्याच माळेचा मणी, तेव्हा तो मोडीत काढा.’ असा मजकूर सध्या बराच फिरतोय. सुप्रजनन म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची पैदास वाढवायची, ‘निकृष्टां’ची रोखायची, हा विचार; आणि १९७१चा कायदा म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा. युक्तिवाद मूळचा अमेरिकेतला. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी इंडियानाच्या एका खटल्यात आपल्या स्वतंत्र मतपत्रात तो सविस्तर मांडला आणि त्याला वजन आलं.

आधी सँगरबाई, अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या चळवळीच्या पुढारी. १९१६ साली त्यांनी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत संततिनियमनाचं केंद्र काढलं. इंग्रजी, यिडिश आणि इटालियनमध्ये पत्रकं वाटली. त्यांवर आयांना उद्देशून छापलं होतं: मारू नका, जीव घेऊ नका, पण गर्भ राहू देऊ नका. म्हणजे गर्भ पाडायची वेळच येऊ नये, यासाठी बाईंचा आटापिटा. त्या गर्भपाताबद्दल बोलत नव्हत्या, हे थॉमस यांनीही मान्य केलंय. फिरणाऱ्या मजकुरातून नेमकं तेवढंच गळालं. म्हणून बाई काही सोवळ्या ठरत नाहीत. ‘अपात्रां’ची नसबंदी करावी, असं त्या उघड म्हणत. याच पायी २०२० साली न्यूयॉर्कच्या त्यांच्याच संस्थेनं मॅनहॅटनमधल्या दवाखान्यावरचं त्यांचं नाव उतरवायचं ठरवलं. आपल्याकडेही हे वारं होतंच. कादंबरीकार ना. सी. फडक्यांनी १९२७ साली भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असं सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, प्रस्तावना सँगरबाईंची. फडक्यांच्या चाहत्यांना हे सहसा आठवत नाही.

सुप्रजननवाद्यांनी गर्भपात आणला, हे तर साफ उलटं. त्यांचं हत्यार होतं सक्तीची नसबंदी. पहिला कायदा १९०७ साली इंडियानातच झाला. १९२७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियाच्या कॅरी बकच्या नसबंदीला मान्यता दिली. बलात्कारातून तिला मुलगी झाली होती. तिची आई, ती आणि ती तान्ही पोर, तिघीही ‘मंदबुद्धी’ ठरवल्या गेल्या. ती पोर पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. आणि या सगळ्या काळात गर्भपात तिथे गुन्हाच होता. नाझी जर्मनीत तर दोन्ही एकाच वेळी चालायचं: ‘सदोष’ बाईचा गर्भ पाडायचा, ‘शुद्ध’ बाईनं पाडला तर तिला शिक्षा. बाईला विचारायचं नाही, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

आपला कायदा शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून आला. चोरून, अडाणी हातांनी गर्भ पाडून घेताना बाया मरत होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. लोकसंख्येची चिंताही हवेत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सज्ञान बाईची संमती या कायद्याचा कणा आहे. २००९ साली चंडीगढच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका बौद्धिक अपंग तरुणीला बलात्कारातून दिवस गेले. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला आणि निकालात सुप्रजननाच्या सिद्धांताला नाव घेऊन झोडपलं. गर्भपाताच्याच कायद्यावर बोट ठेवून!

खरं सुप्रजनन शोधायचं तर १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळानं मंजूर केलेल्या सक्तीच्या नसबंदीच्या विधेयकात शोधा. नाहीतर १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तिथे पाहा. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण.

या वादातला एकच मुद्दा मला टोचतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २०२१पासून वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं आठवड्यांची मर्यादा उरत नाही. मग आमचं जगणंच कायद्याला कमी किमतीचं वाटतं का, असं अपंग कार्यकर्ते विचारतात, आणि ते चूक नाहीत. पण बंदी घातली की निर्णय पुन्हा सरकारच्याच हाती जातो. गर्भाच्या लिंगनिदानाचा प्रश्न आला तेव्हा, १९८८ साली, महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा तपासणीला वेसण घातली, गर्भपाताला नाही. व्यंगाबाबत तपासणीवर बंदी घालून चालणार नाही. मात्र अहवाल हातात देऊन ‘पुढच्या आठवड्यात करून टाकू’ म्हणणं थांबवता येतं. डाउन सिंड्रोम असलेलं मूल कसं वाढतं, शाळेत जातं का, हृदयाचं ऑपरेशन लागलं तर कुठे होतं, हे सांगणारं माणूस सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेलं असावं. पुढचं ती बाई ठरवेल.