बारा ग्रॅम कमी

महाराष्ट्र शासनाचा तृतीय श्रेणीतला माणूस 58व्या वर्षी निवृत्त होतो. निरोप समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि 'आता मस्त आराम करा' असे तीन जिन्नस मिळतात. नारळाची चटणी होते, शाल कपाटात जाते आणि आराम तिसऱ्या महिन्यात नकोसा होतो. अशा वेळी दिवाळीला आलेला एखादा पाहुणा पाचवी चकली उचलत म्हणतो, "वहिनी, तुम्ही विकत का नाही हो?" आम्हा निवृत्तांच्या निम्म्या धंद्यांचा पाया हे वाक्य असतं. ते म्हणणारा पुढे गिऱ्हाईक म्हणून कधीच येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाक्य वहिनींना उद्देशून असतं, पण प्रोप्रायटर होतात नवरोजी. पहिले तीन आठवडे ते धंद्याचं नाव आणि स्टिकरचा रंग ठरवण्यात घालवतात. मग कळतं की आयुष्यभर दुसऱ्यांकडून 'दोन प्रती जोडा' म्हणून मागितलेले कागद आता स्वतः जोडायचे आहेत. खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी, मग ओटा घरचाच का असेना. छोट्या धंद्याच्या नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये. फोटो, ओळखपत्र आणि पत्ता दिला की 14 अंकी क्रमांक मिळतो आणि तो प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. 'उद्यम' ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण फुकट आहे. 'फक्त दोन हजारात करून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आणि घरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही. त्यासाठी 19 किलोचा निळा घ्यावा लागतो. तो आणला की शेजाऱ्यांना आपोआप जाहिरात पोचते.

आता खरी गंमत. दसरा ते लक्ष्मीपूजन हातात 20 दिवस असतात. या उत्साहात प्रोप्रायटर फोनवर '40 किलो? देऊ की!' असं सांगून मोकळे होतात. जरा हिशेब करा. घरच्या कढईत एका घाण्याला सहा-सात चकल्या मावतात. घाणा नीट तळायला आठ ते दहा मिनिटं लागतात. तासाला सहा घाणे धरले तर 42 चकल्या, आणि एक चकली साधारण 21-22 ग्रॅमची, म्हणजे तासाला जेमतेम 900 ग्रॅम. 40 किलोला 45 तास नुसतं तळण. सोऱ्या दाबणं वेगळं. साडेअठराशे चकल्यांना तीन-तीन वेढे घालून झाल्यावर मनगट पेन्शनच्या कागदावर सही करायलाही नकार देतं. आच मोठी केली की वेळ वाचतो, असा शोध दर वर्षी कोणीतरी लावतो. अशी चकली बाहेरून झकास तांबूस होते, आतून ओलसर राहते आणि दुसऱ्या दिवशी सादळलेल्या पापडासारखी मऊ पडते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली, एवढी एकच खूण खरी. घड्याळ बघू नका.

चकली बिघडायचे प्रकारही ठरलेले आहेत. मोहन जास्त झालं की ती तेलात विरघळते, कमी झालं की दाताच्या डॉक्टरची सोय होते. पीठ थंड किंवा घट्ट झालं की सोऱ्यातून येतानाच तुटते. तेव्हा गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. एक वाटी भाजणीला एक वाटी उकळतं पाणी आणि एक मोठा चमचा तेल, इथून सुरुवात करा, मग आपल्या भाजणीचा स्वभाव बघून कमीजास्त करा. भाजणी म्हणजे चार वाट्या तांदळाला दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ आणि धणे-जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. घाईत सगळं एकत्र भाजलं की मूग करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो.

गिरणीत 'तांदळावर दळा' हे मात्र ओरडून सांगावं लागतं, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू आपल्या भाजणीत उतरतो. याचं महत्त्व परदेशातला मुलगा फोनवर 'बाबा, ग्लूटेन-फ्री लिहा, जास्त खपेल' असं सुचवतो तेव्हा कळतं. लिहू नका. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, आणि गिरणी सांभाळली तरी बहुतेक बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेल्या हिंगात गव्हाचं पीठ असतंच.

तळणीच्या तेलाबाबत निवृत्त माणसाची काटकसर उफाळून येते. 'अजून एक घाणा निघेल' हे वाक्य त्याने कार्यालयातल्या कार्बन पेपरबद्दलही म्हटलेलं असतं. तेल काळवंडलं, फेसाळलं, लवकर धुरकटलं की ते बाद. त्यात तळलेली चकली आठवड्यात खवट वास मारते आणि गिऱ्हाइकाच्या नाकापुढे वशिला चालत नाही.

भाव काढताना मात्र आमचे अकाउंट्सवाले हमखास चुकतात, याचं मला फार आश्चर्य वाटतं. समजा, एका किलोला भाजणी 120 रुपये, तेल 50, तीळ-तिखट-हिंग 20, गॅस 20, पाकिटं-स्टिकर 30. झाले 240. चार नातेवाइकांना घाबरून भाव ठेवला 280. मळण्यापासून पॅकिंगपर्यंत किलोमागे दोन तास गेले, म्हणजे ताशी मजुरी 20 रुपये. यात तुटफूट धरलेलीच नाही, कारण ती चहाबरोबर प्रोप्रायटरच खातात. तासाला 75 रुपये धरून आणि तुटफूट मिळवून भाव 430 च्या आसपास जातो. तो ऐकून नात्यातली माणसं 'घरचंच तर आहे' म्हणतात. त्यांना चकली भेट द्यावी, सवलत देऊ नये. भेट एकदाच द्यावी लागते.

पॅकिंगला तीन-चार तास थांबावं लागतं. चकली कोमट असताना पाकीट बंद केलं की आत वाफ धरते. सीलिंग मशीनच्या पट्टीवर पाकिटाच्या तोंडाला तेलाचं बोट लागलं असेल तर सील दिसतं पक्कं, पण कुरिअरमध्ये उघडतं. भरणारा आणि सील करणारा माणूस म्हणूनच वेगळा हवा. वजनकाटाही वैधमापनाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असलेला लागतो, केकसाठी मागवलेला गुलाबी काटा नव्हे.

त्या काट्यावर अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात 11 चकल्या घातल्या की 238 भरतात. बारावी घातली की 259 किंवा 260. कमी देणं गुन्हा आणि जास्त देणं नुकसान. अशा प्रसंगी एक चकली घेऊन तिचा बरोबर 12 ग्रॅमचा तुकडा मोडावा लागतो. 11 ग्रॅम चालत नाही, 14 परवडत नाही. भाजणी, मळणी, सोऱ्या, तळण यांतल्या कशातच प्रोप्रायटरचा हात चालत नाही. पण हे काम त्यांना जमतं. चष्मा लावून, ओठ मुडपून ते तुकडा तोडतात, काट्यावर ठेवतात, एक कण काढून घेतात, पुन्हा ठेवतात. आकडा जुळला की वहीत टिक करतात आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पुढचं पाठवा."