नात्यातलं लेकरू आणि सरकारी मदत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

आईवडील गेलेल्या मुलांना सांभाळणारे आजी-आजोबा, मामा-मामी, काका-काकू यांना कुठून मदत मिळू शकते, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मोकळेपणानं नाराजी कळवलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या आईनं दिराची तीन लेकरं स्वतःच्या लेकरांबरोबर वाढवली आणि सरकारचा एक रुपया घेतला नाही. आपल्याच रक्ताच्या लेकरासाठी अर्ज करणं म्हणजे नात्याला भाव लावणं. आणि पैसे मिळतात म्हटल्यावर लोक पैशांसाठीच मुलं ठेवून घेतील.

तुमच्या आईंबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण त्यांनी निभावून नेलं म्हणजे त्यांना जड गेलं नसेल, असं होत नाही. तेव्हा कुणी दारात येऊन 'या लेकरांच्या वह्या-पुस्तकांचं आम्ही बघतो' म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला परत पाठवलं असतं का? त्यांना विचारायला कुणी आलंच नाही, हे मला त्यातलं खरं दुःख वाटतं.

आपल्या सोलापुरात पूर्व भागात एक आजी आहेत. लेकरं त्यांना अव्वा म्हणतात. मुलगी आणि जावई दोघंही वारले. आठवीतली नात आणि चौथीतला नातू आता त्यांच्याकडे असतात. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली तेंदूची पानं. पान कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा, की पुढचं पान. हजार विड्या भरल्या की दिवसाची मजुरी. नातू शाळेतून आला की शेजारी बसून विड्यांची तोंडं मोडायला लागतो, आणि अव्वा त्याच्या हातातून सूप ओढून घेतात. "तू ह्यात नको येऊ, अभ्यासाला बस जा." त्या एका वाक्यासाठी त्यांना रोज किती विड्या जास्त वळाव्या लागतात, याचा हिशोब कुणी करत नाही. आणि आणखी एक गोष्ट आपण सगळेच विसरतो. ही बाई नातवंडांची पालक आहे तशीच पोटची पोर गमावलेली आईसुद्धा आहे. लेकरं रडायला लागतील म्हणून तिला घरात रडताही येत नाही.

अव्वाही बरेच दिवस अर्जाला तयार नव्हत्या. "लेकीच्या मरणावर पैसे खाते म्हणतील लोक," असं त्यांचं म्हणणं होतं. काका, तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तेच आठवलं, आणि म्हणूनच एवढं लांबलचक उत्तर लिहितोय. ही लाज सांभाळणाऱ्याला वाटते, पण तिची किंमत लेकरू मोजतं.

आता पैशांचं. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. त्यात एका मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात, 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत. दोन्ही पालक गेलेलेच हवेत असंही नाही. एक पालक गेला असेल, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असेल, तरी अर्ज करता येतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिन्याला 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मदत, आहे. त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतर ठिकाणी 96,000 रुपये. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची. घरी येऊन पाहणी होते आणि आदेश बालकल्याण समिती देते, म्हणजे मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती. या रकमेत वाढत्या वयाच्या पोराचं जेवण, कपडे, दवाखाना बसवून बघा. यातून कुणी कमाई करेल ही भीती मला तरी पटत नाही. पैसे दर महिन्याला वेळेवर येत नाहीत, कधी कधी बरेच महिने थांबून एकदम येतात, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती करत राहायला हवी.

सोलापूरसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची, ती फार कमी लोक सांगतात. मुलाची आई विडी कारखान्याच्या कार्डावर होती का, वडिलांचा मिलमध्ये किंवा कारखान्यात पीएफ कापला जात होता का, हे आधी बघा. पीएफसोबतच्या 1995 च्या पेन्शन योजनेत अनाथ मुलांना वयाच्या 25 वर्षांपर्यंत पेन्शन असते, एका वेळी दोन मुलांना, महिन्याला किमान 750 रुपये. त्यासाठी पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म 10-डी भरावा लागतो. रक्कम लहान वाटेल, पण ती त्या आईच्या कष्टाची आहे. तिथं उपकाराचा प्रश्नच येत नाही.

'घरातली गोष्ट ऑफिसात नेली' असंही तुम्ही लिहिलंत. काका, घरातली गोष्ट आपण नेली नाही तरी एक दिवस ती ऑफिसात जातेच. अव्वांच्या नातवाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं तेव्हा 'पालक कोण, सही कुणाची' हे त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर विचारलं गेलं. पोर पोट धरून बसलेलं आणि आजी आपण त्याची आजी आहोत हे पटवून देत होती. मूल कुणाच्या सांभाळात आहे हे समितीच्या आदेशात लिहिलेलं असलं, तर निदान दाखवायला हातात काहीतरी असतं. मुलाच्या नावावर घर, जागा असेल आणि तिच्यावरून भाऊबंदकी सुरू झाली, तर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून रीतसर पालकत्व घेणंच बरं. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

नात्यात नसलेलं मूल सांभाळायचं असेल, तर परस्पर घरी आणून ठेवू नये. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावं, पुढचा निर्णय बालकल्याण समिती घेते.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमच्या गल्लीत एक मामा-मामी भाच्यांना सांभाळतात आणि 'त्यांनीही कधी हात पसरला नाही'. माझी विनंती आहे, एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. मुलांच्या आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले हातात आहेत का, एवढंच आधी विचारा. नसतील तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागापासून सुरुवात करावी लागेल. असतील तर मुलांची आणि मामा-मामींची आधार कार्डं, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक एका पिशवीत ठेवायला सांगा. अर्ज भरताना मी सोबत यायला तयार आहे.